चालकाच्या कानाशी

४ मार्च
साहेबांनी विजेच्या तीन फोर्कलिफ्टची माहितीपत्रकं टेबलावर टाकली. "पंधरा दिवसांत एक निवड." मी! गोदामात आवक-जावक लिहिणारी! धावत जाऊन बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "जेवलीस ना?" जुन्या डिझेल फोर्कलिफ्टचं ते धूड धडधडत होतं. बाबा तीस वर्षं त्यावर बसतात, आणि आमचं बोलणं हे असं.

५ मार्च
क्षमता १६०० किलो. भारकेंद्र ५०० मिमी. बॅटरी ४८ व्होल्ट. वळायला लागणारी जागा... दुपारपर्यंत आकडे डोळ्यांपुढे तरंगायला लागले. टेबलावरच डुलकी लागली. स्वप्नात मी फोर्कलिफ्टच्या काट्यांवर बसले होते, बाबा मला अलगद वर नेत होते. कसलाच आवाज नव्हता. उठावंसं वाटेना.

७ मार्च
फजिती! भारकेंद्र म्हणजे ओझ्याची जमिनीपासूनची उंची, असं समजून मी साहेबांपुढे अर्धा तास अक्कल पाजळली. शेवटी तक्त्यावर बोट ठेवून बाबांना दाखवलं. त्यांनी चहाचा भरलेला ट्रे माझ्या हातात दिला. "छातीशी धर. आता हात लांब कर." हात थरथरायला लागले. "वजन तेच. लांब गेलं की जड."

काट्यांच्या मुळापासून ओझ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर — एवढंच! आपली खोकी लांबडी, त्यांचा मध्य पाचशेवर नाही, सहाशेवर. म्हणजे १६०० वालं आपल्याकडे पूर्ण १६०० उचलणारच नाही, आणि आपल्याला तेवढं लागतंच. ते बाद. उरली दोन.

९ मार्च
शेवटच्या पानावर एक ओळ सापडली. "चालकाच्या कानाशी आवाज : ६५ डेसिबल." कानाशी! कुठल्यातरी इंजिनियरला बाबांच्या कानाची आठवण झाली! दुसऱ्या मशीनचा ७२. आता मला तक्त्यात दुसरं काही दिसतच नाही.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी बोलायला लागले की, "अजून इंजिन डोक्यात घुमतंय गं," म्हणतात आणि वर्तमानपत्र उघडतात. ते डिझेल एकदाचं जाऊ दे. मला बाबांशी बोलायचंय.

१० मार्च
६५ वाल्याचा काटे वर नेणारा खांब खाली घेतल्यावर दारातून जातो. तीनदा मोजलं.

१४ मार्च
मंगळवारी चाचणी. बाबाच चालवणार! काय काय बोलायचं ते मनात जुळवतेय. आईच्या साड्यांचं काय करायचं? ती शेवटी काय म्हणाली, हे त्यांना कधी सांगताच आलं नाही. आज दोन पावत्यांवर चुकीची तारीख घातली. साहेब म्हणाले, "कुठे आहेस?"

१८ मार्च
६५ वालं आलं. बाबा चढले, सीट पुढे घेतली, निघाले. चाकांखाली नुसती चुरचुर. खोक्यांच्या रांगांमधून तरंगत चालले होते, अगदी माझ्या स्वप्नातल्यासारखे. मी मागून हाक मारली, "बाबा!" घरात मारते तशी. वळले नाहीत. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. नाहीत.

वाटलं, नव्या मशीनवर लक्ष लागलंय. मग पॅकिंगवाल्या मावशींनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. सगळ्यांनीच दाबले. बाबा माझ्यासमोर येऊन थांबले, लहान मुलासारखे खूश.

"मस्त आहे गं! फक्त याचा हॉर्न तेवढा वाजत नाही."

त्यांचा अंगठा बटणावरच होता.