गायरानाची सही

प्रिय प्रेमराज,

पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. कापसाची दुसरी वेचणी उरकली. ऋतिकाचा पुढचा दात पडल्याचं पुनमने सांगितलं होतं. नवा आला का?

तुझ्या कंपनीला गोदामासाठी आपलं गायरान हवंय आणि ते मिळालं की तू तिथला साहेब होऊन घरी राहायला येणार, हे तू सांगितलंस त्याच दिवशी मी माडीवरची खोली झाडून घेतली. पुनमला ओटा उंच लागतो, म्हणून गवंड्यालाही विचारून ठेवलं. खोटं कशाला बोलू, तुझे वडील गेल्यापासून मला इतकी हौस कशाचीच वाटली नव्हती.

पंचायतीचा शिपाई वही घेऊन येईल, सही करून टाक, असं तू म्हणालास. आपल्याकडे बायकांची ग्रामसभा अशीच होते ना! वही दारोदार फिरते, पिठाच्या हाताने सही करायची, झाली सभा. वीस वर्षं मीही अशाच सह्या केल्या. या वेळी मात्र चष्मा लावला. वर लिहिलं होतं की महिलांनी चर्चा करून गायरान देण्यास एकमताने ना हरकत दिली. चर्चा कुणाची रे? माझी आणि तव्याची? असा संताप आला म्हणून सांगू! सही न करताच वही परत धाडली आणि निरोप दिला, सभा घ्या, हात वर करून मतं मोजा.

काल शाळेच्या पटांगणात सत्त्याऐंशी बायका जमल्या. ग्रामसेवकाने घाम पुसत ठराव वाचला. भागाबाईचं घर चार बकऱ्यांवर चालतं, तुला ठाऊक आहे. ती उठली आणि एवढंच म्हणाली, अक्का, मी बकऱ्या कोठे लई जाऊ? बठ्ठ्या, एकूणएक बायका माझ्याकडे बघायला लागल्या. गोदाम कुणाच्या कंपनीचं, हे गावात कुणाला माहीत नाही? गायरान एकदा गेलं की परत मिळत नाही, तू मात्र नाही म्हटलं तरी दिवाळीला येशील, असा हिशेब मी मनाशी केला आणि विरोधात पहिला हात माझा वर गेला. ठराव पडला, सव्वीस विरुद्ध एकसष्ट.

उद्या मोठी ग्रामसभा आहे. तिथे बायकांचा निर्णय मलाच वाचून दाखवायचा आहे. कालपासून मी फोन बंद करून गव्हाच्या कोठीत ठेवलाय. आई, मी घरी येऊ नको का, एवढं तू एकदा विचारलंस तरी माझा धीर सुटेल आणि मी उद्या तोंड उघडणार नाही. माझी मला चांगली ओळख आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव, गावाला बोल लावू नकोस. आपल्या इथलं टपाल पुण्याला तीन दिवसांनी पोचतं, म्हणूनच हे पत्र लिहिलं.

तुझीच,
आई