मंगळवारी तीन ते साडेचार

मंगळवार, दुपार

आदरणीय साहेबराव गुरुजी यांस,

आपली जुनी विद्यार्थिनी आसिफा हिचा आदाब आणि नमस्कार, दोन्ही एकदमच स्वीकारावेत. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि काकूंची रक्तदाबाची गोळी रोज चालू असेल, अशी आशा करते. (चालू नसल्यास मला कळवू नये, मी रागावेन.)

आपली चिठ्ठी आपले चिरंजीव अंगद याने काल स्वतः आणून दिली. सूनबाई राजनंदिनी बाळंतपणासाठी आमच्या रुग्णालयात दाखल आहे आणि बाळ नेमके राहुकाळात जन्मले, तर जन्मवेळेत ‘थोडी सोय’ करावी, असे आपण सुचवता. प्रसूतिकक्षातील कामाची तपासणी हीच माझी नोकरी असल्याने नकार एका ओळीत देता आला असता. परंतु रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिणाऱ्याला आपण निम्मेच गुण देत असा, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या महिन्यात मी तीन महिन्यांच्या जन्मनोंदी घेऊन बसले. किती बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळाले, एवढेच मोजायचे होते. एका रकान्यात जन्माची वेळ, दुसऱ्यात दुधाची, फक्त वजाबाकी. तिसऱ्याच ओळीत उत्तर आले उणे चाळीस मिनिटे. म्हणजे ते बाळ जन्मण्याच्या चाळीस मिनिटे आधीच दूध पिऊन झोपले होते. (उणे संख्या आपणच शिकवल्या, त्यांना भूक लागते, हे शिकवायचे राहिले.) अशी आणखी सहा बाळे निघाली. मग मी आलेखाचा कागद आणला आणि प्रत्येक जन्माचा एक ठिपका दिला. कागदभर मुंग्या पसरल्या. मात्र सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार, अशा रोजच्या दीड तासाच्या सात जागा लख्ख कोऱ्या. त्या सात राहुकाळांत तीन महिन्यांत एकाही बाळाने या जगात पाऊल टाकले नव्हते. मंगळवारी चार वाजून एकतीस मिनिटांनी मात्र अंबडच्या एसटीत चढावे तशी बाळांची गर्दी.

चौकशी केली, तेव्हा नसरीन सिस्टर निर्मळ मनाने म्हणाल्या, “मॅडम, आजी हात जोडून उभी राह्यते. घंटाभर मागं-पुढं लिहिलं तर लेकरू काय परत जातं का?” (ज्यांच्या घरी राहुकाळ कोणी पाळत नाही, त्या नसरीन सिस्टरना आठवड्याचे सातही तोंडपाठ आहेत. याला मी सेवाभावच म्हणेन.)

आता जरा गंभीरपणे वाचावे. वडीगोद्रीकडची रूपाली नावाची मुलगी अशाच एका मंगळवारी तीन वाजून वीस मिनिटांनी बाळंत झाली. जन्मवेळ साडेचारनंतरची लिहायची, म्हणून तिचा कागद तोवर कोराच ठेवला. बाळंतिणीची नाडी आणि रक्तस्राव पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पाहायचा असतो, कारण जिवाला धोका तेव्हाच सर्वाधिक. पण जन्मच लिहिलेला नाही, तर त्यानंतरची तपासणी कुठे लिहिणार? आणि जे लिहायला जागा नसते, ते करायचेही राहून जाते. शेवटी तिच्या सासूबाई गोजरबाई, म्हणजे ज्यांनी वेळेची विनंती केली त्याच, दारात येऊन ओरडल्या, “सिस्टर, जल्दी या, पोरगी पांढरी पडून राह्यली.” रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. रूपाली सहाव्या दिवशी पायांनी चालत घरी गेली, ही अल्लाची मेहरबानी आणि गोजरबाईंचा आवाज.

तेव्हापासून खाटेसमोर मोठे घड्याळ आहे. बाळ येताच एक सिस्टर वेळ मोठ्याने उच्चारते आणि दुसरी ती प्रथम बाळाच्या मनगटपट्टीवर लिहिते. पत्रिका आपण घरी हव्या त्या वेळेची मांडावी. आमची वही ग्रहांकडे जात नाही. राजनंदिनीच्या पहिल्या दोन तासांतले एकही मिनिट मात्र मी आपल्याला देऊ शकत नाही.

आपली आज्ञाधारक (ही एक बाब सोडून),
आसिफा

ता.क. पत्र अर्धवट ठेवून मला कक्षात जावे लागले होते. वरचा शेवटचा परिच्छेद परत आल्यावर लिहिला आहे. आजच, तीन वाजून बावन्न मिनिटांनी, आपल्याला नात झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम. नसरीन सिस्टरनी वेळ अशी पुकारली, की बाहेर अंगदलाही ऐकू गेली. तो म्हणाला, “मॅडम, ते घड्याळ जरासं पुढं हाय का?” मी नाही म्हटले. “मंग मागं हाय का?” तेही नाही म्हटले. “म्हंजे अण्णांना मलाच सांगावं लागतं बघा.” त्याचे ते संकट या पत्राने टळावे. राजनंदिनीच्या आठही तपासण्या वेळेवर झाल्या. चहा पिऊन ती झोपली आहे.

ता.क. दुसरा : शाळेने जुनी दाखलरजिस्टरे दुरुस्तीसाठी आपल्याकडे सोपवली आहेत, असे अंगद बोलता बोलता म्हणाला. पहिलीत नाव घालताना आपण आमच्या वर्गातील एकोणतीस मुलांना एक जून हीच जन्मतारीख दिली होती. अम्मीच्या हिशेबाने मी त्या तारखेच्या दीड वर्ष आधी, भर थंडीत जन्मले. माझी निवृत्ती आपल्या तारखेवर ठरलेली आहे. उरलेल्या अठ्ठावीस जणांचे योग्य ते करावे. माझ्या ओळीला कृपया हात लावू नये.