पुढच्याच्या पावलात

७ मेहर, शुक्रवार
किरमानशाहहून पहाटे निघालो. डोंगरावर नऊ जण. झऱ्यापाशी चहा, रोटी, पनीर, अक्रोड. दुपारी उतरलो. गुडघे दुखतात.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलं म्हणून गेलो. "घरात बसून झोप येणार नाही, हिदायत आगा. कॅप्टन नुसरती दर शुक्रवारी युद्धातल्या माणसांना वर नेतात." सगळे सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले निघाले!

मध्येच कॅप्टन वाट सोडून एका खडकामागे गेले. आम्ही सगळे रांगेने मागोमाग. पुढच्याच्या पावलात पाऊल — सुरुंगांच्या पट्ट्यात लागलेली सवय. कॅप्टन वळून ओरडले, "अरे गाढवांनो, लघवीला आलोय!" रांगेतला अल्लामुराद म्हणाला, "मग हुकूम तसा द्यायचा ना, साहेब!"

फार दिवसांनी हसलो. घरी येऊन सांगायला कोणी नव्हतं.

८ मेहर
कोणाशी बोललो नाही.

१२ मेहर
बहिणीचा, फिरूजेचा, फोन. "दादा, शुक्रवारी वहिनीला जाऊन चाळीस दिवस होतात, चाळिसावा आहे. दफनाच्या दिवशी रस्त्यावरच उभा राहिलास. तिच्या माहेरचे अजून बोलतात — नवऱ्याने मूठभर माती टाकली नाही!"

काय सांगू? माहीनला तिच्या गावी पुरलंय. रस्त्यापासून कबरीपर्यंत वाट नाही, नुसता माळ. डांबरावर, फरशीवर मी चालतो. उघड्या जमिनीवर पाय पडत नाही. माहीनला माहीत होतं. कच्चा रस्ता आला की ती अर्धं पाऊल पुढे व्हायची. लोक हसायचे.

१४ मेहर, शुक्रवार
चाळिसावा. सगळे गवतातून पांगून चालले. कोणाच्या पावलात पाऊल टाकू? गाडीपाशी उभा राहिलो. कोणीतरी हातावर चाळिसाव्याचा हलवा ठेवला. सासरे परतताना माझ्याकडे न बघता गेले.

२१ मेहर, शुक्रवार
कॅप्टन म्हणाले, "आज तू पुढे." पाय उचलेनाच. खाली बसलो.

कॅप्टन शेजारी येऊन बसले. बोटाने जमीन दाखवली — शेळ्यांच्या लेंड्या. "तुला काय वाटलं, मी पुढे असतो? शेळी सुखरूप गेलेली दिसते तिथेच पाय टाकतो. इतकी वर्षं! बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

"आणि लेंड्या संपल्या की?"

"चहा करायला थांबतो."

"आणि चहा संपला की?"

"मग घाबरत घाबरत जातो, हिदायत."

२८ मेहर, शुक्रवार
झऱ्यापासून वरच्या कड्यापर्यंत मी पुढे होतो! सदरा घामाने चिंब. मागून सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. कोणी शाबासकी दिली नाही. अल्लामुराद एवढंच म्हणाला, "जरा लहान पावलं टाक रे बाबा, आम्हाला तुझ्यासारख्या उंटाच्या तंगड्या नाहीत."

२ आबान, मंगळवार
बसने एकटाच गावी गेलो. माळावर कोणी नव्हतं. पोचायला फार वेळ लागला.

कबरीवरचा दगड आज पहिल्यांदा पाहिला. त्यावर तिचं नाव आहे. इतके दिवस मला ते वाचावं लागलं नव्हतं.

बाटलीतल्या पाण्याने दगड धुतला. अक्षरांत माती अडकली होती. ती नखाने काढली आणि पुन्हा धुतला.