भट्टीखालचा खड्डा

४ मार्च १९८१

आज तिघे आले आणि माझी रोट्यांची भट्टी मोजून गेले! न विचारता. पुढची जागा, मागची पिठाची खोली, सगळं. एक जण तर पिठाच्या खोलीत बुटाची टाच आपटून जमीन वाजवून बघत होता. कलिंगड घेताना बघतात तशी.

मी म्हटलं, "काय रे बाबा, पिकलंय का?"

कुणी हसलं नाही. हसायला वरून परवानगी लागत असेल.

माणसं आपलं गाव परत मिळवायला लढणाऱ्या संघटनेचीच. पण आपल्या या निर्वासितांच्या छावणीतली नव्हेत. आपल्यातल्या पोरांची नाकं मी पाळण्यात पुसली आहेत, चेहरा विसरायची नाही. यांचे बूट नवे आणि सलाम कोरडा.

५ मार्च

कळलं! वस्फिया माझी भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याचा आज उपयोग झाला. पिठाच्या खोलीखाली खणायचंय म्हणे. कोठार करायचंय.

"कशाचं?"

"मसुराचं नसणार," वस्फिया म्हणाली.

रॉकेटं! खाली रॉकेटं आणि वर माझा जाळ! उजाडल्यापासून अर्धी छावणी इथे असते. बायका घरी कणीक मळून फळ्यांवर मांडून आणतात, मी भाजून देते. कडेवर पोरं, पायात पोरं. वरून विमानं येतात ती अशीच कोठारं हुंगत येतात. मागल्या हिवाळ्यात समुद्राकडच्या बागेतलं उडवलं, तेव्हा संत्र्याची झाडं मेली. माझ्याकडे संत्र्याची झाडं नाहीत. माणसं आहेत.

जेवताना नझ्मीला सांगितलं. माझा एकुलता एक. तोही संघटनेत. काय करतोस विचारलं की एकच उत्तर, "यम्मा, दुधाची पावडर वाटतो." आईला यम्मा म्हणून लाडात आलं की समजावं, खोटं बोलतोय. पावडर वाटणाऱ्याच्या बुटांना गल्लोगल्लीची माती कशी लागते? पण मी विचारत नाही. झाकली मूठ.

घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "तू काय करणार?"

"भांडणार!"

"जोरात?"

"मला हळू भांडता येतं का?"

हसला. जरा जास्तच बरं वाटल्यासारखा.

८ मार्च

संघटनेच्या कचेरीत गेले. तिथला प्रमुख झुहदी. आता त्याला अबू हैसम म्हणायचं, म्हणजे हैसमचा बाप. घरी तीन मुली, हैसमचा पत्ता नाही! संघटनेत गेलं की प्रत्येकाला असं पोरगं चिकटवून देतात. मिसरूड न फुटलेलेसुद्धा कुणाचे तरी बाप.

वेलची घातलेली कॉफी दिली. मी प्याले. भांडायला गेलं म्हणून कॉफी सोडू नये.

"झुहदी, माझी भट्टी सोड."

"खाला, ते माझ्या हातात नाही. लष्करी बाजूचा हुकूम आहे. मी राजकीय बाजूचा."

"मग लष्करी बाजू दाखव."

मग त्याने मला झाड सांगितलं. संघटना म्हणजे झाड. वर नेते. खाली फांद्या. रॉकेटवाले वेगळे, सुरुंगवाले वेगळे, बिनतारीवाले, रसदवाले, सुरक्षावाले, दवाखानेवाले, भिंतींवर चित्रं चिकटवणारेसुद्धा वेगळे. त्यातही कोठाराचं काम आणखी निराळं. जागा सुचवणारे एक, खणणारे दुसरे, भरणारे तिसरे. एकाला दुसऱ्याचं नाव कळता कामा नये.

"का रे?"

"एक पकडला गेला तर बाकीचे वाचावेत. एक फांदी तुटली तरी झाड राहावं."

एवढं खरं, त्यात शहाणपण आहे. नाही कसं म्हणू? या पोरांनी जीव मुठीत धरून चालवलंय सगळं. पण मी म्हटलं, "झुहदी, फांद्यांना फांद्या दिसत नसतील. मुळाला तरी काही दिसतं का? मूळ आम्ही आहोत. आमच्यावरच खणताय!"

म्हणाला, "वर कळवतो." वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नसावं. छताकडे बघत होता.

११ मार्च

खणणारे आले. त्यांचा म्होरक्या अबू लैल. रात्रीचा बाप! ह्याचं तर लग्नही नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, डोळे मात्र वासराचे. फावडी भिंतीला लावली आणि दारातच थबकला. भट्टीत जाळ, आठ बायका, वस्फिया मधोमध.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"तुला काय दिसतं? हमाम?"

"मला बंद गोदाम म्हणून सांगितलंय."

"बंद? आणि वरून धूर निघतोय तो?"

"धुराचं आमच्याकडे नसतं," म्हणाला. अगदी गंभीरपणे! बायका खिदळल्या. त्याचे कान लाल झाले.

मी त्याला आत नेऊन बसवलं. झातरचा मसाला आणि तेल लावलेली गरम रोटी हातात दिली. जवळच्या सैदा शहरातला कुणीही येतो आणि माझी रोटी खाऊन मऊ होतो, हा तर उपाशी होता. म्हटलं, "पोरा, तुझी दोन बोटं कशाने गेली ते मला दिसतंय. खाली बारूद, वर जाळ. तुम्हाला शिकवत नाहीत का रे?"

"शिकवतात, खाला."

"मग?"

"आलेल्या जागेबद्दल विचारायचं नाही, हेही शिकवतात."

घ्या! सुचवणारा खणणाऱ्याला भेटत नाही, खणणारा सुचवणाऱ्याला विचारत नाही, आणि मधल्यामध्ये माझी भट्टी गोदाम झाली! शत्रूपासून लपवता लपवता एकमेकांपासून लपवून बसले.

रोटी संपवून गेला. फावडी ठेवून गेला. म्हणजे परत येणार.

१२ मार्च

नझ्मीला म्हटलं, "कोण गाढव आहे तो जागा सुचवणारा? भट्टीला गोदाम म्हणतो!" नझ्मीने पाणी मागितलं. तांब्या शेजारीच होता.

१४ मार्च

दुपारी भट्टी विझवून मी जरा आडवी होते. तेवढ्यात येऊन पिठाच्या खोलीची फरशी फोडली. गुडघाभर खड्डा! मला जाग आली ती आवाजाने. उठून गेले तर मातीत माझी चाळण पडलेली.

रागाने रडू आलं. मग एकदम डोक्यात उजेड पडला. हे भट्टी विझायची वाट बघतात! माणसं नकोत त्यांना. लपवाछपवीला डोळ्यांचं वावडं.

मग विझवतेय कोण?

१५ मार्च

आता माझीही संघटना आहे!

वस्फिया आमचं बिनतारी खातं. ओरडली की समुद्रापर्यंत जातं. नळाकडच्या बायका पहाऱ्याला. रसद ज्याच्या त्याच्या घरची: ऑलिव्ह, चीज, कांदे. आणि एक खास पथक, रडणाऱ्यांचं. तीन विधवा. इशारा केला की दगडाला पाझर फुटेल असा गळा काढतात. आज सराव केला, तर त्यांचं रडणं ऐकून मीच खरी रडायला लागले.

भट्टी आता दुपारी विझत नाही. दूरच्या गल्ल्यांतल्या बायकांना निरोप: तुमची कणीक इकडे आणा. खड्ड्याच्या कडेने बसून वांगी सोलतो. कुणी त्यात पाय सोडून बसतं.

आणि एक फरक आहे. आमच्या सगळ्या फांद्यांना सगळं माहीत आहे!

१७ मार्च

अबू लैल दोनदा डोकावून गेला. दुसऱ्यांदा रोटी मागितली. दिली.

१९ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवते. नझ्मीच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली होती मी, त्याच्या शेजारी बसून. अशा दिवसासाठीच शिकले असेन.

अबू लैल माणसं घेऊन आला, बरोबर झुहदी. झुहदीने कमरेला पिस्तूल लावलं होतं. आपल्याच गल्लीत!

"उम्म नझ्मी, बायकांना घरी पाठव." आज खाला, म्हणजे मावशी नव्हे, नुसती नझ्मीची आई. उम्म नझ्मी.

"त्यांची रोटी भाजायचीय."

"आज पाचवा दिवस भाजतेयस!"

"भूक रोज लागते, बेटा."

वस्फियाने डोळा घातला आणि रडणारं पथक सुरू झालं. काय तो गळा! छपरांवर माणसं आली, पोरं भिंतींवर चढली.

"हळू! हळू बोला!" झुहदी दबक्या आवाजात ओरडत होता. "शत्रू ऐकतो!"

"ऐकू दे की!" मी त्याच्याहून जोरात. "ऐकू दे त्याला! इथे रोट्या भाजतात, पोरं खेळतात, म्हाताऱ्या भांडतात. जाऊन सांग म्हणावं! त्याने आमचं गाव घेतलं तेव्हा मी डोक्यावर पीठ घेऊन निघाले. तेहतीस वर्षं झाली, ते पीठ खाली ठेवलेलं नाही. तुम्ही लढता. लढा. माझा नवरा त्यातच गेला, मी तुमच्यातल्या कुणालाही कधी अडवलं नाही. पण ज्यांच्यासाठी लढता त्यांनाच पांघरूण करून वर ओढून घेऊ नका! हे पांघरूण जळतं रे!"

झुहदीचा चेहरा आवळला. म्हणाला, "हे बोलणं गद्दारीत बसतं."

सगळं थांबलं. रडणाऱ्यासुद्धा.

या छावणीत तो शब्द हवेत सोडत नाहीत. ज्याच्यावर पडतो त्याच्या घरी नंतर कुणी कॉफी प्यायला जात नाही. मी घाबरले होते, हे इथेच लिहिते, दुसरीकडे कबूल करणार नाही.

भट्टीतून एक रोटी काढली. फुगलेली, वाफाळती. त्याच्यासमोर धरली.

"घे. गद्दाराच्या हातची आहे. तुझी आई आजारी होती तेव्हा पाच महिने हीच खात होतास."

हात भाजत होता. धरून राहिले. तो बघत राहिला. अबू लैलने आधी फावडं खाली ठेवलं. त्या आवाजाने झुहदी भानावर आला. त्याने रोटी घेतली. दोन्ही हातांनी.

 खात खात गेला, असं वस्फिया म्हणते. तिला तिखटमीठ लावायची सवय आहे, पण आज लावू दे.

२३ मार्च

जिंकलो!! जागा रद्द! अबू लैलनेच खड्डा बुजवला, सिमेंट आणून फरशी बसवली. माझ्या फरशीपेक्षा बरी. माझी चाळणही नवी आणून दिली. बायकांनी जीभ हलवून अशा ललकाऱ्या दिल्या की लांबच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलं म्हणून माणसं आली. आलेली जेवूनच गेली. आंबट सुमाकचा मसाला आणि कांदा घातलेली कोंबडी, रोट्यांच्या चवडी.

नझ्मी जेवला नाही. दाराला टेकून उभा. मी म्हटलं, "आईने किल्ला राखला, जरा तोंड गोड कर!"

माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणाला, "यम्मा, खड्डा मिटत नाही. सरकतो."

या पोराचं असं. सणाच्या दिवशी सुतकी.

२५ मार्च

भट्टी मस्त चालू. दुपारी विझवते, झोपते. फरशी छान.

२७ मार्च

वस्फिया सांगत होती, शाळेमागचं मैदान बंद केलंय. नळाची दुरुस्ती आहे म्हणे. भोवती पत्रे लावलेत. म्हटलं, चला, पोरांना पाणी तरी मिळेल.

नझ्मीला सांगितलं. उठून बाहेर गेला. ताट तसंच.

२८ मार्च

पत्र्याच्या फटीतून पाहिलं. अबू लैल. फावडं. मला बघून त्याने मान खाली घातली. भिंतीपलीकडे पोरं पाढे म्हणत होती.

घरी आले. नझ्मी वाटच बघत होता. म्हणाला, "तू विचारत होतीस ना, जागा सुचवणारा गाढव कोण. मी. मला निवडायला दोनच जागा दिल्या होत्या, यम्मा. शाळा आणि तू. शाळेला भांडता येत नाही. वाटलं, तू भांडलीस की सगळंच रद्द होईल."

 मग मी वस्फियाला हाक मारली. भिंतीतून.

उद्या भट्टी बंद. लोखंडी तवा, सरपण, कणीक, पहारा, बिनतारी, रडणाऱ्या, सगळी खाती शाळेमागे.

तवा जड आहे. नझ्मी म्हणतो, तो उचलेल. मी म्हटलं, "सगळ्यांच्या देखत? तुझ्या फांदीला चालेल?"

त्याने संघटनेचे बूट काढून दाराशी ठेवले आणि पायात घालायला माझ्या चपला शोधायला लागला.