राणीची सरकी

६ ऑगस्ट १९६२, सोमवार
नातू वसंता अकोल्यात सरकारी डुक्कर-फार्मावर डॉक्टर. मी त्याच्या क्वार्टरात राहाले आली अन् जीव लागला. काय त्या विलायती पांढऱ्या डुकरिणी, लोण्यासारख्या! त्यातली राणी माही लाडकी. पण माजावर येत नाही. या खेपेले गाभण नाही राहिली तर लिलाव, म्हणजे खाटीक. आज वसंतानं तिले अन् तिच्या बहिणीले, थोरलीले, इंजेक्शन दिलं. हार्मोन म्हणे, गाभण घोडीच्या रक्तातून काढलेलं. घोडीचं औषध डुकरिणीले! मले पटलं नाही.

७ ऑगस्ट
फार्मावरचा गडी नत्थुजी औषधाची रिकामी बाटली घरी नेऊन राहिला होता. काहून रे? म्हणे, तेल ठेवाले. अर्धं औषध यानंच विकलं असंल. आता राणीकडे मीच पाहीन. वसंतानं बजावलं, आजी, शेडात काही खाऊ घालू नको. हो म्हटलं. हो म्हणाले काय जाते?

८ ऑगस्ट
आमच्या बार्शीटाकळीच्या म्हशी सरकी खाऊनच चरव्या भरभरून दूध देत. पाच वर्षांत एक भाकड नाही. पदराखाली सरकी नेली. राणीनं चाटूनपुसून खाल्ली. थोरलीले नाही दिली, लय नखरेल आहे.

१० ऑगस्ट, दुपार
राणी माजावर! पाठीवर हात दाबला तर जागची हलेना. दोघींले नर दाखवला. वसंता नाचून राहिला, हार्मोन, हार्मोन! मी गालातल्या गालात हसली. थोरलीबी आली म्हणा माजावर, पण तिनं राणीचं पाहून केलं असंल.

१८ ऑगस्ट
सरकी दुप्पट केली. राणी सुस्त, धाप लागते. माहा उद्धव पोटात होता तवा मलेबी असंच झालं होतं. नत्थुजी म्हणे, आजीबाई, हिचं लक्षण बरं नाही. याले काय कळते? पाळत ठेवते मेला माह्यावर.

३० ऑगस्ट, पोळा
बैलाइले पुरणपोळी, राणीले सरकी. वसंता म्हणे, उद्या एकवीस दिवस होतात, पुन्हा माजावर नाही आली तर गाभण समजायची. मी पिलांची दहा नावं काढून ठेवली.

३१ ऑगस्ट
राणी पुन्हा माजावर. थोरली गाभण.
वसंताले गव्हाणीत सरकी सापडली. लालेलाल झाला. सरकी म्हशीले चालते, डुकराले विष होते म्हणे, गर्भ धरू देत नाही, काळजावर बसते. नत्थुजीनंच घातली असं समजून त्याले म्हणे, उद्यापासून येऊ नको. त्याले सारं ठाऊक होतं, पण माहं नाव नाही घेतलं.
मंग म्याच सांगितलं.

१ सप्टेंबर
नत्थुजी कामावर आला. वसंतानं फार्माच्या साहेबाचे पाय धरून राणीसाठी दोन महिने मागितले. म्या विचारलं, मी काय करू रे बाबू? म्हणे, आजी, तू काहीच नको करू.
सकाळपासून तेच करून राहिली. लय कठीण काम आहे.