कोहळ्याला पहिली सुरी

मेहकरजवळून,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

ती. नारायणराव भाऊजींस पुंजाजीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि कलाताईचा खोकला हे दोघे मात्र आता दुसरं घर बघोत, ही सदिच्छा. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि माझा धागा तुटतो. पत्रात तुम्हाला तशी सोय नाही, म्हणून पत्र.

यंदा कोहळ्यांनी उच्छाद मांडला. (नातवंडं त्याला लाल भोपळा म्हणतात, म्हणोत बिचारी.) उकिरड्यावर आपोआप उगवलेला वेल गोठ्यावर चढला आणि थांबायचं नावच घेईना. बाजेखाली कोहळी, कणगीमागे कोहळी. पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत एक कोहळं घालायचो, तर पाहुणेच येईनासे झाले. रोज तीच भाजी खाऊन माझा आणि आशाबाईचा चाळीस वर्षांचा संसार मोडायच्या बेताला आला होता. तेव्हा आमच्या सूनबाईने, दीपमालाने, डोकं चालवलं. कोहळं शिजवायचं, त्यात गूळ आणि कणीक मळायची, बोंडं तळायची आणि विकायची. नुसतं बोलून थांबली नाही, मेहकरातल्या एका साखरपुड्याची ऑर्डरही घेऊन आली. मी म्हटलं, ही ऑर्डर वेळेवर पोचली तर खुशाल दुकान मांड; नाही पोचली तर सगळी कोहळी म्हशीला आणि विषय बंद. (माझा अंदाज म्हशीच्या बाजूने होता.) पोरीचा चेहरा पाहून मला शब्द परत घ्यावासा वाटला. घेतला नाही, ती गोष्ट वेगळी.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. अख्खं कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक. त्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बायांनी चिरायचं. आमच्या गल्लीत हा मान माझा. सुरी उजव्याच हाताने लावावी, ही भर मी पदरची घातलेली आहे. ऑर्डरच्या आदल्या दिवशी गोठ्यावरचं कोहळं काढताना मी कोहळ्यासकट खाली आलो. कोहळं शाबूत राहिलं, माझं उजवं मनगट मात्र सुजून भाकरीसारखं टम्म झालं. आमचा लेक गोपाल कापसाच्या जिनिंगच्या हंगामाला तुमच्या खामगावात. गावातले बाकीचे पुरुष ऑर्डरच्या दिवशी सकाळीच सोयाबीन काढायला गेलेले. मी डावा हात पुढे केला, तर आशाबाईने माझाच नियम मला ऐकवला.

साखरपुडा दुपारचा, आणि घरात कोहळ्यांचा ढीग तसाच. इतक्यात मेहकरची बस आली. दीपमाला आणि शेजारच्या बाया कोहळी डोक्यावर घेऊन थेट थांब्यावर गेल्या आणि बससमोर उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणे, "मावशी, म्या तिकिटं द्याले आलो, कोहळे फोडाले नाही." पण बाया हटेनात, तेव्हा त्याने एकाला सुरी लावली. मग ड्रायव्हर उतरला, मग प्रवासी. एका नवरदेवासारख्या नटलेल्या गड्याने तर तीन फोडली आणि शर्टाला डाग पाडून घेतला. मी मनगट सावरत एका बाजूला उभा राहून सूचना देत होतो, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. पुरुष संपले, बस गेली, तरी निम्मी कोहळी शिल्लकच.

दीपमाला तिथेच मटकन बसली. मी विचार करत होतो, की पुढच्या बसला किती वेळ आहे. तेवढ्यात आशाबाई, जिने आजवर माझ्याशिवाय एकही कोहळं फुटू दिलं नाही ती आशाबाई, पुढे आली, तिने सुरी उचलली आणि कच्चकन दोन फाका केल्या. "पाहून काय राह्यल्या?" ती म्हणाली. "थोरल्या लेकाले म्या काय कमी झोडपलं? काई झालं का त्याले? घ्या सुऱ्या."

मग काय, सगळा थांबा केशरी झाला. बोंडं पुढच्या बसने साखरपुड्याच्या पंगतीला गरम पोचली आणि मुलाकडच्यांनी लग्नाचीही ऑर्डर दिली. मी शब्दाचा पक्का आहे. भाऊजी, खरं सांगतो, सूनबाईचं हसू पाहून मला फार बरं वाटलं. म्हशीलाही तिचा वाटा मिळाला, साली आणि बिया.

तुमच्याकडच्या थोरांना दंडवत, पोरासोरांच्या गालाला हात.

तुमचा,
पुंजाजी

ता. क. : पत्राचं कारण राहिलं. बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानापुढचा ओटा दीपमालाला द्यावा. तो रिकामा असतो, मी पाहिलं आहे. त्यावर तुम्ही बसता हे कबूल, पण गुडघ्याला ऊन कुठेही बसून देता येतं.

आणखी एक : मीही तिच्याबरोबर येतो आहे. मनगट आता ठणठणीत आहे. कलाताईला म्हणावं, घरात कोहळं असेल तर मी येईपर्यंत फोडू नको. इकडे आता बाया आपल्याच हाताने फोडून मोकळ्या होतात, मला कोणी हाकच मारत नाही.