पारा झटकायचा राहिला

मंगळवार, १० जानेवारी १९३३

काल इथे पोचल्याच्या आनंदात लिहिलेली एक ओळ चुकीची आहे, ती आधी दुरुस्त करते. घरातल्या चौघांचेही तापमान ९८.४ असे मी लिहिले. तो आकडा माझ्या एकटीचा होता. थर्मामीटर आधी स्वतःवर तपासला आणि पारा झटकायचा राहिला. झटकल्याशिवाय तो उतरत नाही, म्हणून चौघांनाही माझाच आकडा लागला. आमच्या घराण्यात शाळेत गेलेली मी पहिली, नर्स होऊन हे पहिलेच काम, आणि ही चूक. तो कागद नागपूरच्या टपालात पडलासुद्धा.

बाकी सगळे छान आहे. घर गोंदियाजवळच्या नागरा गावापलीकडे, शेतात. निरोगी माणसाचे अंग किती गरम असते, ते नागपूरच्या डॉक्टरसाहेबांना पंधरा दिवस दोन्ही वेळा मोजून हवे आहे. ते सर्वांचे सारखे नसते, पहाटे थोडे कमी भरते, असे ते सांगतात. केशोराव, धुरपताबाई, मुलगा शालीकराम, सून रुख्मा, सगळी काटक माणसे. पौषाची थंडी, तरी घरात शेकोटी नाही आणि कुणी पांघरूण घेत नाही. माझ्यासाठी मात्र भाताच्या तणसाची जाड गादी केली आहे.

गुरुवार, १२ जानेवारी

दोन दिवस दर वेळी पारा झटकून घेतला. थर्मामीटरवर सर्वांत खालचा आकडा ९५. चौघांपैकी कुणाचाही पारा तिथवर चढत नाही. बिघडला असेल म्हणून माझ्या जिभेखाली धरला, तर ९८.२. आठ वेळा केले. केशोराव धानाची पोती उचलतात, पोटभर जेवतात. नाडी सावकाश, पण नीट.

धुरपताबाईंनी माझा हात धरला आणि दचकून सोडला. नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, पोरीले ताप हाय. तव्यावानी तापून राहिली."

शनिवार, १४ जानेवारी

मी समजावले की हा ताप नव्हे, माणसाचे अंग एवढेच असते. सगळे हसले. शालीकरामने विचारले, आम्ही चौघे एकसारखे आणि तुम्ही एकट्या निराळ्या, मग आजारी कोण?

बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, तळातला चिखल आणून माझ्या कपाळाला, तळव्यांना लावतात. रुख्माचे हात त्या चिखलाहून गार. ती लावता लावता मायेने म्हणाली, "मले बी असाच ताप होता बाई, लगन होऊन आली तवा. लय रडली मी. तेराव्या दिवशी उतरला."

मंगळवार, १७ जानेवारी

जाते म्हटले. केशोराव म्हणाले, आजारी पोरीला कुणी घराबाहेर घालते का? दाराला बाहेरून कडी. दिवसातून चार वेळा लेप. धुरपताबाई डोक्याशी बसून राहतात, पंख्याने वारा घालतात, पौषात.

माझा पारा ९७.

गुरुवार, १९ जानेवारी

९६.१. अंगावरची गोधडी कधी काढली, आठवत नाही. आज लेपाला विरोध केला नाही. बरे वाटले. बरे वाटले, हे मीच लिहिले आहे —

शनिवार, २१ जानेवारी

तेरावा दिवस.

सकाळी गोंदियाहून छोटेलाल गाडीवान धान न्यायला आला. सगळे पोती भरण्यात, दार उघडे. कामाचे निमित्त सांगून त्याला थर्मामीटर लावला. ९८.४. रडू आले. पोती शिवायला त्याने माझ्याकडून दोऱ्याची गुंडी घेतली आणि हात मागे ओढला. "बाई, आपका हाथ तो बरफ है."

हळूच सगळे सांगितले. आज केशोरावही गाडीवर बसून गेले, म्हणून मला निघता आले नाही. मंगळवारी उरलेल्या पोत्यांसाठी छोटेलाल एकटा येईल. म्हणाला, घेऊन जाईन.

मग माझा पारा पाहिला. ९८.४! ताप — नाही, ऊब — परत आली. वेडी झाले आनंदाने —

छोटेलालनंतर पारा झटकला होता का?

आठवत नाही.

आता झटकला. जिभेखाली धरला आहे. रुख्मा आत आली. कपाळावर हात ठेवला. आज तिचा हात गार लागला नाही —

आकडा बघणार नाही. मंगळवारी, २४ जानेवारीला, सकाळी, मी त्या गाडीत —